बाभळीवर बसलेली कापशी

आप्पांना जाऊन आता तीन वर्षं होतील. लोक आपल्या वडिलांबद्दल लिहितात तेव्हा ते काय काय सांगायचे, कसं समजावायचे, असलं पानपानभर लिहितात. मला तसलं काही जमणार नाही, कारण आमचे आप्पा बोलायचेच नाहीत. आईशी नाही, माझ्याशी नाही, आल्यागेल्याशी तर नाहीच. घरातलं सगळं बोलण्याचं खातं आईकडे होतं आणि ती ते दोघांच्या वाटचं निभवायची. आप्पा फक्त एका विषयावर तोंड उघडायचे. तो विषय म्हणजे कापशी.

कापशी ही एक शिकारी घार. पण घार म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं तसलं धूड नव्हे. अंगानं कावळ्यापेक्षाही कमीच. पोट पांढरंशुभ्र, पाठ राखाडी, खांद्यावर काळा डाग आणि डोळे लालभडक. आमच्या पाथर्डीकडच्या उघड्या माळावर, ज्वारीच्या रानावर ती हवेत एका जागी उभी राहायची. खरंच उभी! पंख फडफडवत, मान खाली घालून, वाऱ्याला छाती देऊन. मग पाय खाली सोडून अलगद उतरायची आणि उंदीर घेऊन वर यायची. बसायला तिला बाभळीचा शेंडा लागायचा. बसली तरी शेपटी आपली खालीवर, खालीवर. आप्पा म्हणायचे, "बग, बसली तरी तिला दम न्हाई."

दिवाळी झाली की आमचं गाव ऊसतोडीला निघून जायचं. ट्रक यायचे, त्यात भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं सगळं भरलं जायचं आणि दोन दिवसांत गल्ल्या सुनसान. आम्ही जायचो नाही. मी जन्मायच्या आधी उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून चढताना आप्पांचा पाय घसरला होता. मोडलेला पाय जुळला पण वाकडा जुळला. म्हणून आम्ही मागं राहणारे. मागं राहणाऱ्यांकडे गावची शेरडं आणि गावच्या किल्ल्या. पंचवीस-तीस घरांच्या किल्ल्या आमच्या दाराजवळच्या खुंटीला लटकत असायच्या. आप्पांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक बाई जाताना आपल्या लुगड्याची चिंधी किल्लीला बांधून द्यायची. हिरवी कोणाची, जांभळी कोणाची, ठिपक्यांची कोणाची, ते आप्पांना पाठ. कोणाच्या घरात मांजर अडकलं, कोणाच्या कणगीला उंदीर लागले, की आप्पा बरोबर ती चिंधी ओढून काढायचे.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की मी त्यांच्यामागं माळावर. त्यांच्या खांद्यावर आकडी असायची. लांब बांबूच्या टोकाला विळा बांधलेला, त्यानं बाभळीच्या शेंगा ओढून पाडायच्या आणि शेरडांना घालायच्या. आकडी हा आप्पांचा जीव की प्राण. ती घराच्या उगवतीच्या भिंतीलाच उभी राहिली पाहिजे, विळ्याचं तोंड भिंतीकडेच असलं पाहिजे. आईनं एकदा ती वाळवणाच्या आड येते म्हणून हलवली तर त्या दिवशी आप्पा तीन वाक्यं बोलले, म्हणजे बघा.

माळावर मात्र ते बोलायचे. माझं डोकं दोन्ही हातांत धरून वळवायचे, "तिकडं न्हाई, वर. वर गं. अजून वर. दिसली?" मला दिसायचं नुसतं आभाळ. मी म्हणायचे, "दिसली." ते लगेच ओळखायचे. "खोटं! कुटल्या अंगाला त्वांड हाय सांग." मग मी हसायचे आणि ते पुन्हा डोकं वळवायचे. माझ्या बापाला जगातलं सगळं दिसतं असं मला वाटायचं. रिकामं गाव, वाऱ्यानं खुळखुळणारी बाभूळ, शेरडांचा वास आणि माझ्या कानांवर आप्पांचे ते खरबरीत हात. आज इतक्या वर्षांनी कोणी मला एक दुपार परत देतो म्हणालं तर मी दुसरी कुठली मागणार नाही.

पुढे मी डी.एड. झाले, शिक्षिका झाले आणि माझं लग्न झालं ते थेट नगर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्याच्या डोंगरात. एकच जिल्हा, पण जायला तीन एसट्या बदलायच्या. माहेरी कुसळं आणि सासरी भातखाचरं. माहेरी आभाळ एवढं की संपता संपत नाही आणि सासरी जिकडं बघावं तिकडं डोंगर मध्ये. पहिलं वर्षभर तर माझा जीव गुदमरायचा.

आमच्या सासरच्या अंगणासमोर खाचरं उतरत जातात आणि त्यांच्या कडेला सादड्याचं एक वठलेलं झाड उभं आहे. त्याच्यावर एक पक्षी बसायचा. पुस्तकातलं त्याचं नाव सर्पगरुड, माझे सासरे नुसतं गरुड म्हणायचे. हा मात्र खरंच धूड. घारीहून थोराड, काळपट तपकिरी, पोटावर पांढरे ठिपके. सकाळी बसला की दुपारपर्यंत तिथंच. हलायचं नाव नाही. खाचराच्या बांधावर दिवड किंवा दुसरा कुठला साप निघाला की खाली यायचा, काम उरकायचा, पुन्हा तिथंच. ऊन चढलं की डोंगरावर घिरट्या घालत लांबलचक शीळ घालायचा. सासऱ्यांना त्याचा भारी अभिमान. त्यांनीच पाळलाय जणू!

आई होती तोवर माहेरचा फोन म्हणजे तिचाच. तासभर बोलायची. शेवटी मी विचारायचे, "आप्पा कसे आहेत?" "हे काय, बसल्येत. देऊ का?" मग फोनमध्ये खाकरल्याचा आवाज. "काय?" "काही नाही, सहज." "बरं." की फोन परत आईकडे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आप्पा असेच, असं म्हणून सोडून दिलं.

आणि मग आई गेली. तीन दिवसांच्या तापात गेली. दहावं झालं, तेरावं झालं, आप्पांच्या डोळ्यांत पाणी नाही की तोंडात तिचा शब्द नाही. बायका कुजबुजल्या, मी ऐकलं. मला त्यांचा राग आला आणि खरं सांगायचं तर आप्पांचाही आला. एवढी चाळीस वर्षं तिनं तुमच्या वाटचं बोलून काढलं, आता दोन शब्द तुम्ही तिच्यासाठी बोला की! पण नाही.

मी त्यांना अकोल्याला घेऊन आले. माझ्या मनात पक्कं होतं की आता यांना परत पाठवायचं नाही. वय झालेलं, पाय अधू, गाव सहा महिने ओसाड. पडले-झडले तर उचलायला कोण? नवऱ्याचंही तेच म्हणणं होतं. सासरे तर खुशच, त्यांना ओट्यावर बसायला जोडीदार मिळाला.

पण ओट्यावर बसले की दोघांची जुंपायची. मी पोळ्या लाटता लाटता ऐकायचे.

"व्याहीबुवा, बघा कसा बसलाय. राजा हाय राजा!" सासरे म्हणायचे.

"राजाच. म्हून तर काम न्हाई करत."

"अहो, साप खातो तो, साप. तुमची कापशी काय खाती? उंदीर!"

"उंदीर खाती पर हवेत उभी ऱ्हाऊन खाती. मेहनतीचं खाती. ह्यो तुमचा आळशी बसून खातो."

"उभं कशाला ऱ्हायचं हवेत? झाड न्हाई व्हय तुमच्याकडं?"

"न्हाईच की. तेच सांगतोय."

यावर सासरे गडगडाटी हसायचे आणि आप्पाही मिशीत हसायचे. आई गेल्यापासून त्यांना हसताना मी तिथंच पाहिलं. मला वाटलं, रुळले. कसले रुळतायत! महिना झाला आणि एक दिवस पिशवी भरून दारात उभे. "चाललो."

मी चिडले. माझा स्वभाव मुळात फटकळ, त्यात शाळेची तपासणी चाललेली. म्हटलं, "तिथं कोण आहे तुमचं? आई आहे का आता?" बोलून गेले आणि जीभ चावली. आप्पांनी पिशवी खांद्याला लावली. म्हणाले, "हितं डोंगूर मधी येतो गं. मला लांबचं बगायची सवय. जवर मला बाभळीवरली कापशी दिसती तवर मला हालवू नको. ज्या दिशी दिसायची न्हाई त्या दिशी तू म्हनशील तिथं यीन."

सासरे म्हणाले, "जाऊ दे, सूनबाई. माणसानं शब्द दिलाय." मी हात टेकले. जाताना मोबाईल त्यांच्या खिशात घातला, हिरवं बटण दाबलं की फोन घेता येतो तेवढं शिकवलं. लावायला त्यांना यायचंच नाही, लावायची ती आई.

तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला मी फोन करायचे. शाळेचं आवरायच्या आधी, चहाचं आधण चुलीवर ठेवून. आणि त्या फोनवर काय बोलायचं ते ठरूनच गेलं.

"आली का कापशी?"

"आली. शेताव हुबी हाय. आज लई वारं हाय पर हालंना जागची. तुजा आळशी बसला का?"

"बसलाय."

"आन् काय करतोय?"

"बसलाय!"

"बरं. ठिवतो."

एवढंच. पण ते रोजचं झालं. सुट्टीच्या दिवशीही मी त्या वेळेला उठायचे. नवरा म्हणायचा, "पक्ष्यांच्या बातम्या झाल्या का?" मी म्हणायचे, गप बसा.

तशी पावणेदोन वर्षं गेली. मध्ये मी दोनदा जाऊन आले, पण घाईत, एका मुक्कामापुरती. दुसऱ्या वर्षी हळूहळू बातम्या बदलायला लागल्या. "आज बसलीय बाभळीव." दुसऱ्या दिवशी, "बसलीय." तिसऱ्या दिवशी, "बसलीय. सकाळधरनं हालली न्हाई." मला तर गंमतच वाटली. आता सापडले की आप्पा! म्हटलं, "काय हो, तुमची पण आळशी झाली. आमच्या गरुडाची हवा लागली वाटतं." आप्पा म्हणाले, "वय झालं आसंल तिचं." मी कितीतरी दिवस त्यांना त्यावरून चिडवत राहिले. सासऱ्यांना सांगितलं, त्यांनी मांडीवर थाप मारली. "हरले म्हणावं व्याही!"

आज ते आठवलं की माझं मलाच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

दिवाळीची सुट्टी लागली आणि भाऊबीज झाल्या झाल्या मी पाथर्डी गाठली. गाव नुकतंच रिकामं झालं होतं. आप्पा ओट्यावर बसलेले, वाळलेले. मी समोर जाऊन उभी राहिले तरी काही नाही. मी "आप्पा" म्हटल्यावर चेहरा उजळला. "आगं, तू व्हय! ये ये." मला वाटलं तंद्री लागली असेल.

पिशवी टेकवते न टेकवते तोच ते म्हणाले, "ती बग, बसली."

मी त्यांच्या बोटाच्या दिशेनं बघितलं. बांधापलीकडे तीच जुनी बाभूळ, आणि तिच्या शेंड्यावर काट्यांत अडकलेली एक प्लास्टिकची पिशवी. उन्हानं विटलेली, पांढरट राखाडी, कोपऱ्यात दुकानाची काळी छपाई. वाऱ्यानं जराशी हलली आणि पुन्हा काट्याला लटकली.

आप्पा माझ्याकडे बघत होते, म्हणजे माझ्या आवाजाकडे बघत होते. तेव्हा कुठं मला ते कळलं.

"दिसली?" त्यांनी विचारलं.

"दिसली," मी म्हटलं. या खेपेला त्यांनी तोंड कुठल्या अंगाला आहे ते विचारलं नाही.

मग घरात एकेक गोष्ट दिसायला लागली. पाण्याच्या तांब्यात बोट बुडवून ते पाणी किती झालं ते बघत होते. चुलीजवळ पिठाचा डबा, मिठाचा डबा एकमेकांपासून हातभर लांब. आणि खुंटीवरच्या किल्ल्या! चिंध्या होत्या त्याच, हिरव्या, जांभळ्या, ठिपक्यांच्या, पण आता प्रत्येक चिंधीला गाठी मारलेल्या. एकीला एक, दुसरीला दोन, तिसरीला एक मोठी आणि एक बारीक. माझा बाप रंगावरून नव्हे, गाठी चाचपून घरं ओळखत होता. मी किल्ल्या हातात धरून तिथंच उभी राहिले. रडू आलं ते पदरात दाबलं.

अट त्यांनी घातलेली. कापशी दिसायची बंद झाली की तू म्हणशील तिथं येईन. म्हणजे मी जिंकलेच होते. नुसतं म्हणायचं होतं, "आप्पा, ती पिशवी आहे, कापशी नाही. चला." पण ते मला म्हणवेना. ज्या माणसानं माझं डोकं धरून मला आभाळ दाखवलं त्याला मी कुठल्या तोंडानं सांगू की तुम्ही प्लास्टिकच्या पिशवीला पाखरू म्हणताय?

मी सासऱ्यांना फोन करून सगळं सांगितलं. ते पहिल्यांदाच हसले नाहीत. म्हणाले, "तू काही बोलू नको. मी बघतो." दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आप्पांना. "व्याहीबुवा, मला नगरला डोळं दावायला जायचंय. मोतीबिंदू म्हनत्यात. लेक कामावर, मला एकट्याला भ्या वाटतंय. तुमी चला सोबतीला."

आता सासरे म्हणजे रानडुकराला हाताच्या टाळीनं हाकलणारा गडी. पण आप्पा म्हणाले, "भ्यायचं काय त्यात? चला, मी हाय."

नगरच्या दवाखान्यात दोघे म्हातारे एकमेकांचा हात धरून आत गेले. कोण कोणाला नेतंय ते बघणाऱ्याला कळू नये. सासऱ्यांचे डोळे ठणठणीत निघाले. "आलोच हौत तर तुमचंबी बघू द्या की," सासरे म्हणाले. आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "एवढे दिवस हे एकटे राहत होते?"

एका डोळ्याचं ऑपरेशन लगेच झालं, दुसऱ्याचं थोड्या दिवसांनी. तोवर आप्पा अकोल्याला, काळा चष्मा लावून ओट्यावर. डोळ्यांत थेंब घालायचं काम सासऱ्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. आणि चष्मा उतरवायची परवानगी मिळाली त्या सकाळी आप्पांनी पहिल्यांदा सादड्याकडे बघितलं. बघतच राहिले.

"आगं! ह्याला तुरा हाय की!"

"आहेच मुळी. तुम्ही मागं महिनाभर काय बघत होतात?"

"काळं काय तरी दिसायचं. आन् शीळ आयकू यायची."

म्हणजे तेव्हाही! त्यानंतरचे आठ-दहा दिवस आप्पा सकाळी उठून गरुडाकडे बघत बसायचे. पिवळे डोळे, मानेवरचा तो काळापांढरा तुरा, सगळं बघितलं. एकदा तो खाली झेपावून दिवड उचलताना बघितला. सासरे वाट बघत होते, आता काय म्हणतात. आप्पा म्हणाले, "बसतो पर झोपंत न्हाई हां ह्यो. मान कशी फिरती बगा. आमची हुभी ऱ्हाऊन बगती, ह्यो बसून बगतो. लहान जीवाला हुभं ऱ्हावंच लागतं."

"मग हरलात?" सासरे म्हणाले.

"हारलो न्हाई. नीट दिसला न्हवता," आप्पा म्हणाले.

आता त्यांना घरी जायचं होतं. नजर परत आली होती, मला अडवायला तोंड नव्हतं आणि खरं तर अडवायची इच्छाही उरली नव्हती. मला एकाच गोष्टीची धास्ती होती. घरी जातील, ओट्यावर उभे राहतील, बाभळीकडे बघतील आणि तिथं पिशवी दिसेल. मग काय वाटेल त्यांना? इतके महिने आपण काय बोलत होतो ते समजेल. नको रे बाबा!

मी म्हटलं, घर झाडून घेते, तुम्ही दोघे उद्या या. एक दिवस आधी गेले. भिंतीची आकडी उचलली आणि बाभळीखाली उभी राहिले. लहानपणी शेंगा पाडायचे तेव्हा सोपं वाटायचं. आता हात भरून आले, मान अवघडली, पिशवी काही विळ्यात येईना. एक फांदी अंगावर आली, दंडावर काटे ओरबाडले. भर दुपारी एक शिक्षिका बाभळीला शिव्या देतेय हे बघायला गावात कोणी नव्हतं तेवढं बरं. शेवटी एकदाची आली खाली. चुरगाळून पर्समध्ये कोंबली आणि आकडी भिंतीला लावून टाकली.

दुसऱ्या दिवशी दोघे आले. सासरे प्रवासानं दमले होते, जेवून आडवे झाले. आप्पा ओट्यावर आले. मी आत भांडी आवरायचं निमित्त करून दाराआडून बघत होते. त्यांनी बाभळीकडे बघितलं. शेंडा मोकळा. बराच वेळ बघितलं. मग भिंतीकडे गेले, आकडी उचलली, विळ्याचं तोंड भिंतीकडे फिरवून पुन्हा उभी केली.

"बाई, भाईर ये."

मी गेले.

"पिशवी कुटं टाकलीस?"

"कसली पिशवी?"

"बाभळीवरली."

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"मंग? सुरवातीला वाटलं कापशीच हाय. पर बसल्यावर शेपटी हालंना. आन् वारं आलं की कराकरा वाजायची. पाखरू आसं वाजतं व्हय?"

माझा पारा चढला. इतके दिवस मी त्यांना वाईट वाटू नये म्हणून जीव टाकत होते, आणि हे! म्हटलं, "म्हणजे रोज सकाळी माझ्याशी खोटं बोलत होतात? त्या अटीसाठी? मी न्यायला येईन म्हणून? पडला असतात, चूल अंगावर घेतली असती, मग?"

आप्पांनी मान हलवली. "आटीसाटी न्हाई गं. आट गेली चुलीत. तू नेलं आसतंस तर आलो आसतो."

"मग कशासाठी?"

ते ओट्यावर टेकले. नवीन डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं, थेट माझ्याकडे. "तुजा रोज फोन यायचा. तुज्या आयसारकं मला बोलाया येत न्हाई. कापशीच न्हाई म्हनलं आसतं तर रोज काय बोललो आसतो आपन?"

मी त्यांच्या शेजारी बसले. शेवटी पर्समधून ती पिशवी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती मांडीवर पसरली, हातानं सारखी केली, उलटसुलट करून बघितली. "केवडीशी हाय गं," म्हणाले. "मला लई मोटी वाटायची."

मग आत जाऊन त्यांनी ती घडी करून किल्ल्यांच्या खुंटीला अडकवली.

दुसऱ्या दिवशी मी आणि सासरे परतलो. तीन एसट्या, घरी पोचायला संध्याकाळ झाली. सकाळी उठले, आधण ठेवलं. साडेसहा वाजत आले तरी माझा हात मोबाईलकडे जाईना. आता काय विचारणार? आली का कापशी? कुठल्या तोंडानं?

तेवढ्यात फोन वाजला. आप्पांचं नाव. जन्मात त्यांनी मला स्वतःहून फोन लावला नव्हता. मला वाटलं, काहीतरी झालं. घाबरून उचलला.

"आप्पा? काय झालं?"

"काय न्हाई. बटनं दिसत्यात आता, आन् कसं लावायचं ते व्याह्यांनी दावलंय. म्हनलं लावून बगावं." मग जरा थांबून, "आज न्हाई आली कापशी. खरं सांगतोय. शेताव न्हाई, बाभळीव न्हाई. तुजा बसलाय का?"

मी फोन कानाला लावून अंगणात आले. सादडा रिकामा होता. बसलाय म्हणायला माझं काय जात होतं? पण नाही म्हटलं.

"नाही आप्पा. आज तोही नाही."

आत चहा उतू गेल्याचा वास आला. मला वाटलं, आता म्हणतील, बरं, ठिवतो. पण फोनमध्ये खाकरल्याचा आवाज आला.

"मंग," आप्पा म्हणाले, "तुज्या आयचं सांगू काय तरी?"